रिव्हॉल्व्हर नेमबाजीचे अध्ययन-साहित्य : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी समीक्षेने ललित वाङ्मयाचा विचार ज्या आस्थेने केला, त्या आस्थेने कौशल्य शिकविणाऱ्या ग्रंथांचा विचार केलेला नाही. पोहणे, सुतारकाम, तबलावादन किंवा पाकक्रिया शिकविणारे पुस्तक आपण 'उपयुक्त' म्हणून स्वीकारतो आणि तेवढ्यावरच त्याची वासलात लावतो. वास्तविक शब्दांच्या साहाय्याने दुसऱ्याच्या शरीराला काही शिकविणे ही लेखनातील कठीण कामगिरींपैकी एक आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड ज्यांनी चाळले असतील, त्यांना एकेका हालचालीचे वर्णन करताना मराठी गद्याला किती कसरत करावी लागली याची कल्पना येईल. अशा ग्रंथांची समीक्षा करावयाची तर निकष कोणता लावावा, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

त्यासाठी येथे रिव्हॉल्व्हर नेमबाजीवरील इंग्रजी अध्ययन-साहित्य निवडले आहे. निवड वाचकास चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे, परंतु तिला कारणे आहेत. एक तर हे साहित्य सव्वाशे वर्षांचे आहे आणि या काळात साधन फारसे बदललेले नाही. १९०१ सालच्या पुस्तकातील सूचना आजच्या रिव्हॉल्व्हरवर पडताळून पाहता येते. पोहण्याच्या किंवा सायकलच्या पुस्तकांबाबत इतकी सोय नाही. दुसरे असे की, येथे परिणाम कागदावर छिद्राच्या रूपाने उमटतो. लेखकाने शब्दांचा कितीही पिसारा फुलविला, तरी वाचकाला जमले की नाही याचा निर्णय लक्ष्यपट देतो. शस्त्रांविषयीच्या लेखनात जो नैतिक प्रश्न अटळपणे येतो, तो येथे टाळलेला नाही. तो त्याच्या जागी येईल.

निकष एकच ठेवला आहे. ग्रंथ मिटून एकटा सरावाला उभा राहिलेला वाचक स्वतःची चूक स्वतः ओळखू शकतो काय? जे साहित्य त्याला ही शक्ती देते ते चांगले. केवळ लेखकाचे प्रावीण्य पाहून थक्क करणारे साहित्य कितीही रंजक असले तरी शिकविणारे नव्हे.

चूक नेमकी कोठे होते?

ग्रंथांकडे वळण्यापूर्वी एक साधा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व मतभेद त्यातून निघतात. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर पुढची माशी असते आणि मागे खाच. या दोहोंतील अंतर १५ सेंटीमीटर धरू. लक्ष्य २५ मीटरवर आहे. संपूर्ण हात डावी-उजवीकडे ५ मिलिमीटर हलला, पण माशी आणि खाच यांचा परस्परसंबंध बिघडला नाही, तर गोळीही लक्ष्यावर ५ मिलिमीटरच सरकते. याउलट, माशी खाचेच्या संदर्भात एकच मिलिमीटर कलली, तर लक्ष्यावरील चूक सुमारे १६७ मिलिमीटर होते. २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रिसिजन लक्ष्यपटावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो. म्हणजे पहिली गोळी दहात बसते आणि दुसरी चारच्या वर्तुळात जाते.

नवशिक्याची कल्पना बरोबर याच्या उलट असते. हात थरथरतो म्हणून नेम चुकतो, असे तो समजतो. त्यामुळे थरथर थांबेल त्या क्षणाची वाट पाहतो, तो क्षण आला असे वाटताच चाप खस्सकन ओढतो आणि या ओढण्याने नळी कलते. थरथरीची शिक्षा थोडी आहे, घाईची फार मोठी. म्हणून रिव्हॉल्व्हर शिकविणे म्हणजे मुख्यतः तर्जनीच्या दीड-दोन सेंटीमीटर हालचालीचे शिक्षण होय.

येथे रिव्हॉल्व्हरची एक खासियत लक्षात घेतली पाहिजे. सिंगल ॲक्शन पद्धतीत अंगठ्याने घोडा मागे चढविलेला असतो आणि चापाला थोडासा दाब पुरतो. डबल ॲक्शनमध्ये चापाच्या एकाच लांब हालचालीत सिलिंडर फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. या कामाला सर्वसाधारणतः साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो, आणि शस्त्राचे स्वतःचे वजन बहुधा किलोच्या आतबाहेर असते. आपल्या वजनाच्या चार-पाच पट जोर सोसताना ते जागचे हलू नये, ही अपेक्षा आहे. तिची पूर्तता कशी करावी हे ज्या पुस्तकात सापडत नाही, ते रिव्हॉल्व्हरचे पुस्तक म्हणविण्यास अपुरे आहे.

हौशी सद्गृहस्थांची पुस्तके

या निकषावर वॉल्टर वायनन्स यांचे १९०१ सालचे 'द आर्ट ऑफ रिव्हॉल्व्हर शूटिंग' तपासले तर निराशा पदरी येते. वायनन्स हे विलक्षण गृहस्थ होते. १८५२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेला, इंग्लंडमध्ये राहणारा हा अमेरिकन १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावत्या हरणाच्या लक्ष्यावरील नेमबाजीत सुवर्णपदक मिळवितो आणि १९१२ मध्ये स्टॉकहोमला शिल्पकलेत पुन्हा सुवर्णपदक मिळवितो. अशा माणसाच्या पुस्तकाला व्यक्तिमत्त्वाचा गंध येणारच. घोड्यावरून नेमबाजी, रंगभूमीवरील नेमबाजीचे प्रयोग, संघाची बांधणी, शस्त्राची निगा हे सारे त्यात आहे, आणि ते आजही वाचनीय वाटते.

परंतु या पुस्तकाचा गृहीत वाचक लेखकाच्याच बैठकीतला आहे. त्याला वेळ आहे, गोळ्यांची ददात नाही, आणि चुकले तर शेजारी विचारायला कोणीतरी जाणकार उभा आहे. चूक ओळखण्याचे काम त्या शेजाऱ्यावर सोपविल्यामुळे पुस्तकाला ते करावे लागत नाही. काय साधावे हे वाचकाला कळते, परंतु स्वतःचे का साधत नाही हे कळत नाही. आपल्याकडील संगीतविषयक जुन्या पुस्तकांत हीच अडचण जाणवते. तेथेही गुरू गृहीत असतो.

ए. एल. ए. हिमलराइट यांचे 'पिस्टल अँड रिव्हॉल्व्हर शूटिंग' हे १९१५ चे पुस्तक त्यामानाने कोरडे, पण अधिक शिस्तशीर आहे. शस्त्रांचे प्रकार, स्पर्धांचे नियम, उभे राहण्याची रीत अशी त्याची मांडणी आहे. या दोन्ही पुस्तकांत एका हाताने, बाजू वळवून, घोडा चढवून केलेली संथ नेमबाजी हाच आदर्श आहे. डबल ॲक्शनला तेथे दुय्यम स्थान आहे. आज या पुस्तकांवरून शिकू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही, तर तो अर्धेच रिव्हॉल्व्हर शिकेल.

मॅकगिव्हर्न : विक्रमाआडचा शिक्षक

या परंपरेत खरा खंड पडतो तो १९३८ मध्ये. एड मॅकगिव्हर्न (१८७४–१९५७) यांच्या 'फास्ट अँड फॅन्सी रिव्हॉल्व्हर शूटिंग' या जाडजूड ग्रंथाची ख्याती ज्या गोष्टीमुळे झाली, ती म्हणजे १९३२ सालचा त्यांचा विक्रम. साउथ डाकोटा राज्यात त्यांनी १५ फुटांवरून डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या पाच गोळ्या ०.४५ सेकंदात झाडल्या, आणि पाचही छिद्रे चांदीच्या अर्ध्या डॉलरच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ होती. हवेत फेकलेले डबे, पत्त्याची कड, नाणी असे सर्कशीत शोभणारे प्रकारही पुस्तकात भरपूर आहेत. परिणामी ग्रंथ 'करामतीचे पुस्तक' ठरला आणि त्यातील शिक्षणशास्त्राकडे दुर्लक्ष झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा त्या ग्रंथावर झालेला मोठा अन्याय आहे.

मॅकगिव्हर्न यांचे वेगळेपण त्यांच्या मोजण्याच्या वृत्तीत आहे. मॉन्टॅनातील या मनुष्याने विजेवर चालणारी कालमापक यंत्रे जमविली आणि आपल्या हालचालीचे तुकडे पाडून प्रत्येकाला लागणारा वेळ नोंदविला. 'जलद' हे विशेषण त्यांनी अंकात उतरविले. आणि असे करताच एक जुनी समजूत ढासळली. घोडा चढवून मारलेली गोळी अचूक आणि डबल ॲक्शनची गोळी अंदाजपंचे, असे सर्वत्र मानले जात होते. मॅकगिव्हर्न यांनी दाखविले की, चापाची लांब हालचाल अखंड आणि एकसारखी ठेवली, तर अचूकता टिकते. वेग हा त्या अखंडपणाचा परिणाम असतो, घाईचा नव्हे. वाचकाने आपला सराव याच क्रमाने रचावा असा त्यांचा आग्रह आहे. आधी संथ, मग हालचालीचे स्वरूप न बिघडविता वेगवान. तबल्याचा कायदा आधी ठाय लयीत आणि मग दुगुनीत वाजविणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. तो पाल्हाळिक आहे. एकच मुद्दा तीन प्रकरणांत येतो. वाक्ये लांबतात, छायाचित्रांची गर्दी होते, आणि आपण शोधलेल्या यंत्रणेविषयीचा लेखकाचा जिव्हाळा वाचकाच्या सहनशक्तीपलीकडे जातो. संपादकाने एक-तृतीयांश मजकूर काढला असता तर ग्रंथ अधिक गुणकारी झाला असता. पण ज्या पाल्हाळात लेखक आपले फसलेले प्रयोगही नोंदवितो, त्यातच वाचकाला स्वतःच्या फसण्याचे कारण शोधण्याची रीत सापडते. हे वायनन्स यांच्या नेटक्या पुस्तकात नाही.

पोलिसांसाठीचे वाङ्मय आणि त्यातील दंतकथा

विसाव्या शतकाच्या मध्यात या साहित्याचा वाचक बदलला. क्लबातल्या सद्गृहस्थाच्या जागी पोलीस शिपाई आला. शांघाय पोलीस दलाच्या अनुभवावर आधारलेले फेअरबेर्न आणि साइक्स यांचे 'शूटिंग टु लिव्ह' (१९४२) आणि अमेरिकेच्या सीमा-गस्ती दलातील बिल जॉर्डन यांचे 'नो सेकंड प्लेस विनर' (१९६५) ही या वळणाची ठळक उदाहरणे. पहिल्या पुस्तकाचा रोख रिव्हॉल्व्हरपेक्षा स्वयंचलित पिस्तुलाकडे अधिक आहे. तरीही जवळच्या अंतरावर, अंधारात, भीतीने ग्रासलेला माणूस माशी आणि खाच जुळवीत बसणार नाही, हा त्याचा दावा पुढील सर्व लेखनावर सावली धरून आहे.

जॉर्डन यांचे पुस्तक छोटे, खुसखुशीत आणि पुष्कळसे विनोदी आहे. लेखकाची ख्याती होल्स्टरमधून शस्त्र काढून ०.२७ सेकंदात लक्ष्यवेध करण्याची. शीर्षकातच त्यांची भूमिका येते : या स्पर्धेत दुसरा क्रमांक नसतो. हे वाक्य परिणामकारक आहे, पण शिकविण्याच्या दृष्टीने घातक आहे, असे येथे नोंदवावेसे वाटते. माणसावर गोळी झाडण्याच्या प्रसंगाला 'स्पर्धा' म्हटले की खेळाची शिस्त त्या प्रसंगाला लाभत नाही. उलट त्या प्रसंगाची घाई खेळात शिरते. अशी पुस्तके वाचून सराव सुरू करणारा मनुष्य पहिल्या दिवसापासून वेगाच्या मागे लागतो, आणि मॅकगिव्हर्न यांनी घालून दिलेला क्रम उलटा होतो. जॉर्डन स्वतः त्या क्रमाने घडले होते. त्यांच्या हातातील सहजता हे वर्षानुवर्षांच्या पुनरावृत्तीचे फळ होते. पुस्तकात फळ दिसते, पुनरावृत्ती ओझरती येते.

या वाङ्मयाचा दुसरा दोष म्हणजे दाखल्यांवरील अंधश्रद्धा. एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत महामार्ग गस्ती दलाचे चार अधिकारी मारले गेले. या घटनेनंतर प्रशिक्षणाची कठोर फेरतपासणी झाली. सहाही गोळ्या एकदम भरता येतील असे स्पीडलोडर दलाने स्वीकारले, हे योग्यच झाले. परंतु त्याचबरोबर एक कथा प्रशिक्षणाच्या साहित्यात रुजली. मारल्या गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. मैदान स्वच्छ राहावे म्हणून पुंगळ्या खिशात घालण्याची सवय सरावात लागली होती, आणि तीच त्याच्या प्राणावर बेतली, अशी ती कथा. 'सरावात जे कराल तेच संकटात कराल' हे तत्त्व पटविण्यासाठी तिच्याइतका बोलका दाखला नाही. म्हणूनच ती चार दशके पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिली. २०१३ मध्ये माइक वुड यांनी या चकमकीचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि उपलब्ध पुरावा या कथेला दुजोरा देत नाही असे दाखविले. तत्त्व कदाचित खरे असेल, पण त्याचा दाखला मात्र पुराव्यावर टिकत नाही. आपल्या अध्यापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही असे किती दाखले मूळ आधार न पाहता उतरत आले असतील, हा विचार शिक्षक वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

निदानाचे चक्र

आता एका अत्यंत लोकप्रिय साधनाकडे वळू. लक्ष्यपटासारखा दिसणारा, पण वर्तुळांऐवजी पाकळ्या पाडलेला एक तक्ता नेमबाजीच्या मैदानांवर भिंतीला लावलेला असतो. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली-डावीकडे गेल्या, तर 'चापाला हिसका', वर गेल्या तर 'धक्क्याच्या अपेक्षेने मनगट उचलले', असे प्रत्येक पाकळीत लिहिलेले असते. छिद्र पाहावे आणि रोग ओळखावा.

आपल्या निकषाला हे साधन सर्वप्रथम उतरावे, कारण चूक स्वतः ओळखणे हाच त्याचा हेतू आहे. पण बारकाईने पाहिले की त्याचा पोकळपणा ध्यानात येतो. हा तक्ता एका हाताने केल्या जाणाऱ्या संथ नेमबाजीच्या परंपरेतून आला. दोन्ही हातांनी धरलेल्या शस्त्रावर बोटांचे, मनगटाचे आणि आधाराच्या हाताचे बळ वेगळ्या रीतीने पडते, त्यामुळे पाकळ्यांचे अर्थ तसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय दोन चुका एकमेकींना खोडून काढतात. खाली खेचणारी आणि वर उचलणारी अशा दोन्ही खोडी असलेल्या नेमबाजाची गोळी कधीकधी मधोमध बसते, आणि तक्ता त्याला निरोगी ठरवितो. माशी मुळातच जरा डावीकडे बसविलेली असेल, तर दोष शस्त्राचा असूनही औषध माणसाला मिळते. आणि निदान बरोबर असले तरी 'हिसका देऊ नका' हा उपचार नव्हे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर 'भाषा सुधारा' असा शेरा मारून आपण जितके शिकवितो, तितकेच हा तक्ता शिकवितो.

रिव्हॉल्व्हर हेच साधन

या सर्व ग्रंथांत पसरलेली, पण क्वचितच मध्यवर्ती स्थान मिळालेली एक पद्धत मात्र निकषाला पूर्णपणे उतरते. ती म्हणजे खऱ्या आणि डमी काडतुसांचा मिश्र सराव. सहा घरांपैकी दोन-तीन घरांत डमी काडतुसे घालावीत, सिलिंडर न पाहता फिरवून बंद करावा, आणि प्रत्येक वेळी खरी गोळी सुटणार असे समजून चाप दाबावा. डमीवर घोडा पडला की आवाज नाही, धक्का नाही. अशा वेळी नळीचे टोक खाली डुचकले, तर ती हालचाल धक्क्यामुळे झाली असे म्हणण्याची सोय उरत नाही. ती नेमबाजाच्या दचकण्याची आहे. खऱ्या गोळीच्या गडगडाटात झाकली जाणारी चूक शांततेत उघडी पडते. तज्ज्ञाची गरज लागत नाही, कारण जो दचकला त्यालाच ते दिसते. स्वयंचलित पिस्तुलातही हा सराव करता येतो, पण तेथे दर डमीनंतर हाताने यंत्रणा मागे ओढून पुढचे काडतूस आणावे लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप दाबला की पुढचे घर आपोआप समोर येते. मराठीत 'फुसका बार' हा शब्दप्रयोग उपहासाने वापरला जातो. येथे मात्र फुसका बारच सर्वाधिक शिकवितो.

पूर्ण रिकाम्या शस्त्राने करावयाचा सराव, ज्याला नेमबाज ड्राय फायरिंग म्हणतात, तोही याच जातीचा आहे. माशीवर नाणे ठेवून ते न पाडता चाप दाबणे हा त्याचा जुना प्रकार. याला खर्च नाही, मैदान लागत नाही. धोका मात्र आहे, आणि तेथे साहित्याची खरी परीक्षा होते. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, सिलिंडर उघडून सहाही घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावीत, नळीसमोर गोळी अडेल अशी भिंत असावी, सराव संपला की तो संपला असे मोठ्याने म्हणावे आणि 'आणखी एकदा' हा मोह टाळावा. जी पुस्तके हे सारे पहिल्या प्रकरणात उपदेशाच्या रूपाने उरकतात आणि पुढे सरावाच्या वर्णनात विसरतात, त्यांच्यापेक्षा प्रत्येक सरावाच्या पोटातच ही कृती गुंफणारी पुस्तके श्रेष्ठ मानली पाहिजेत. सुरक्षितता हे वेगळे प्रकरण नसून हालचालीचाच भाग आहे, हे नव्या पुस्तकांना जुन्यांपेक्षा अधिक उमगले आहे.

चित्रफितींचा विचार थोडक्यात करता येईल. जेरी मिक्युलेक यांनी १९९९ मध्ये एका सेकंदात आठ गोळ्या, तसेच सहा गोळ्या, पुन्हा भरणे आणि आणखी सहा गोळ्या २.९९ सेकंदांत असे विक्रम केले. त्यांची चित्रित प्रात्यक्षिके पाहणे हा आनंद आहे, आणि रिव्हॉल्व्हर भरण्याची हस्तक्रिया शब्दांपेक्षा चित्रातून निश्चितच लवकर कळते. पण दाब दिसत नाही. मूठ किती आवळली आहे, तर्जनी हलताना बाकीची बोटे स्थिर कशी राहिली, हे पडद्यावर उमटत नाही. म्हणून चित्रफीत शस्त्र भरण्यासाठी उपयुक्त आणि चापासाठी फसवी, असा भेद करावा लागतो.

आणखी एक धोका सांगणे आवश्यक आहे. १९८० नंतर अमेरिकन पोलीस दले रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलाकडे वळली आणि बहुतेक नवे साहित्य पिस्तुलाचे झाले. त्यातील दोन्ही अंगठे पुढे ताणण्याची पकड रिव्हॉल्व्हरला लावू नये. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. गोळी सुटताना तिच्यातून तप्त वायू आणि कण बाजूला फेकले जातात, आणि तेथे अंगठा असेल तर गंभीर इजा होते. हा भेद स्पष्टपणे सांगणारी पुस्तके हवीत. ग्रँट कनिंगहॅम यांचे २०११ चे 'गन डायजेस्ट बुक ऑफ द रिव्हॉल्व्हर' हे रिव्हॉल्व्हरला पिस्तुलाचा जुनाट भाऊ न समजता स्वतंत्र साधन मानते. एवढ्या कारणासाठीही ते नवशिक्याच्या हाती मॅकगिव्हर्नच्या आधी द्यावे, असे सुचवावेसे वाटते.

मराठीत लिहावयाचे झाल्यास

महाराष्ट्रातील नेमबाजीचे यश मुख्यतः रायफलचे आणि स्पर्धात्मक पिस्तुलाचे आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविणारी कोल्हापूरची राही सरनोबत, आणि २०२४ मध्ये पॅरिसला रायफलचे कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे ही नावे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या मागे प्रशिक्षक, मैदान आणि संघटना असतात. रिव्हॉल्व्हर मात्र प्रामुख्याने परवानाधारक नागरिकाच्या कपाटात असते, आणि त्याच्या शेजारी प्रशिक्षक नसतो. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ बोअरचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा हलकेपणा हा गुण म्हणून सांगितला गेला. वर मांडलेला हिशेब आठवला तर ध्यानात येईल की, डबल ॲक्शनने चालविताना हलके शस्त्र स्थिर ठेवणे अधिक कठीण असते. बाळगणे सोपे होते, शिकणे अवघड. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकणाऱ्या अर्जदारासाठी सुबोध पुस्तिका ही आता सोयीची नव्हे तर निकडीची बाब आहे.

अशी पुस्तिका लिहिणाऱ्यासमोर पहिली अडचण परिभाषेची येईल. बोलीत 'घोडा' हा शब्द कधी काडतुसावर आपटणाऱ्या भागाला, तर कधी बोटाने दाबावयाच्या भागाला लावला जातो. 'घोडा दाबला' आणि 'घोडा चढविला' या दोन प्रयोगांत घोडे दोन आहेत. ज्या शस्त्रात सिंगल आणि डबल ॲक्शन यांतील भेद नेमका याच दोन भागांच्या संबंधात आहे, तेथे ही सरमिसळ चालणार नाही. प्रस्तुत लेखात वापरल्याप्रमाणे बोटाचा तो 'चाप' आणि आपटणारा तो 'घोडा', असा संकेत पक्का करावा लागेल. 'माशी' हा जुना शब्द मात्र बिनचूक आहे. त्याच्या जागी 'अग्रदृष्टिका' वगैरे घडविण्याचा उद्योग कोणी करू नये.

क्रियापदाची अडचण याहून सूक्ष्म आहे. आपण चाप 'ओढतो'. ओढण्यात हिसका अंतर्भूत आहे, दोरी ओढतात तसा. इंग्रजीत हा धोका ओळखून 'पिळणे' किंवा 'आवळणे' या अर्थाचे क्रियापद रूढ केले गेले, पण तेही निर्दोष नाही. आवळायला सांगितले की संपूर्ण मूठ आवळली जाते, आणि मूठ आवळताना नळी खाली-डावीकडे कलते. म्हणजे सूचनेतील शब्दच चूक शिकवितो. 'दाबणे' हे त्यातल्या त्यात तटस्थ क्रियापद आहे. डबल ॲक्शनच्या लांब, अखंड हालचालीसाठी मात्र तेही तोकडे पडते, कारण दाबणे क्षणाचे असते आणि ही हालचाल प्रवासाची आहे. सतारीवर मींड घेताना तार जशी न तुटता, न थबकता एका स्वरावरून दुसऱ्यावर नेतात, तसे काहीसे येथे अभिप्रेत आहे. 'चाप मागे नेणे' असा प्रयोग करून पाहावा, आणि तो दहा-बारा नवशिक्यांना देऊन डमी काडतुसांच्या सरावात नळीचे टोक किती वेळा डुचकते ते 'ओढणे' आणि 'दाबणे' या शब्दांच्या तुलनेत मोजावे. ज्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण आणि मराठी हे दोन्ही विभाग आहेत, त्यांना हे काम एखाद्या जवळच्या रायफल क्लबच्या मदतीने एका सत्रात करता येण्याजोगे आहे.